हजेरी टेबलाची: वाचनालयाच्या संकेतस्थळावर चॅट बसवताना

तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं, सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा दोन वेळांत उघडणारं. देवघेवीच्या टेबलावर ग्रंथपालताई, हाताशी एक साहाय्यक आणि एक टेलिफोन. त्या फोनवर येणारे बहुतेक प्रश्न तेच ते: "अमुक पुस्तक आत आहे का?", "माझी मुदत कधी संपते?", "दिवाळी अंकांची वर्गणी किती ठेवलीय यंदा?" ताई खांद्यानं फोन कानाशी धरून दोन्ही हातांनी समोरच्या सभासदाचं कार्ड शोधायच्या. समोरचा ताटकळायचा आणि फोनवरचाही.

मी याच वाचनालयाच्या बाल विभागातून वाचायला लागलो. पोटापाण्यासाठी संकेतस्थळं बांधतो, त्यामुळे वाचनालयाचं संकेतस्थळही मीच वर्डप्रेसमध्ये, म्हणजे संकेतस्थळं बांधायच्या तयार प्रणालीत, उभं केलं होतं. २०२३ च्या गणपतीनंतर कार्यवाहांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बँकेच्या साइटवर कोपऱ्यात ते बोलायचं बटण असतं बघा, तसं आपल्याकडे बसवून द्या. लोक तिथं विचारतील, ताई तिथंच उत्तर देतील. फोन जरा श्वास घेईल." मागणी रास्त होती. चार दिवसांत करून देतो, असं मी सांगून आलो. खरोखर नीट चालणारी गोष्ट उभी राहायला पुढच्या वर्षीचा गुढीपाडवा उजाडला. मधल्या काळात काय काय चुकलं, ते लिहून ठेवतोय, कारण अशीच मागणी घेऊन दुसऱ्या कुणाकडे कुणी कार्यवाह नक्की गेले असतील.

पहिला प्लगिन

सुरुवात सगळे करतात तशीच केली. वर्डप्रेसच्या प्लगिनांच्या, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयींच्या, यादीत 'चॅट' शोधलं, फुकट असलेलं आणि बऱ्यापैकी तारे मिळालेलं एक निवडलं. नाव घेत नाही, कारण त्यातले दोष त्या एकाचेच नव्हते. त्या जातीच्या कितीतरी प्लगिनांत ते सापडतील. बाहेरची कुठलीही सेवा नको, निरोप आपल्याच डेटाबेसमध्ये राहतात, हे वर्णन मला पटलं होतं. बसवायला दहा मिनिटं लागली. ताईंना दाखवलं, त्यांनी "नमस्कार" लिहिलं, माझ्या फोनवर उमटलं. दोघंही खूश.

पहिली तक्रार तिसऱ्या दिवशी आली. एका ज्येष्ठ सभासदांनी काउंटरवर येऊन विचारलं, "काल चार वेळा लिहिलं, एकदाही उत्तर नाही. ताई रागावल्यात का?" ताईंकडे त्यांचा एकही निरोप पोचलेला नव्हता. मी त्यांच्याच फोनवरून लिहून पाहिलं, तर पोचलं. त्यांनी लिहिलं की गायब. दोघांच्या लिहिण्यात फरक एवढाच होता, की काका प्रत्येक निरोपाच्या शेवटी हात जोडलेली इमोजी टाकायचे.

कारण असं. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ या संगणकाच्या अक्षरलेखनात तीन बाइट घेतं आणि इमोजी चार. वर्डप्रेस ज्या डेटाबेसवर चालतो त्या मायएसक्यूएलचा जुना 'युटीएफ८' हा अक्षरसंच तीन बाइटांपर्यंतच जातो. वर्डप्रेसनं २०१५ साली, ४.२ या आवृत्तीत, आपली कोष्टकं चार बाइट मावणाऱ्या संचावर नेली. पण प्लगिन स्वतःचं वेगळं कोष्टक तयार करत होता आणि ते जुन्याच संचात. अशा कोष्टकात न मावणारं चिन्ह आलं तर वर्डप्रेसचा डेटाबेस-थर निरोप कापून ठेवत नाही. तो आख्खी नोंदच नाकारतो आणि गुपचूप 'नाही' असं उत्तर परत करतो. प्लगिन लिहिणाऱ्यानं ते उत्तर तपासलंच नव्हतं. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर निरोप गेलेला दिसायचा, कोष्टकात काहीच नसायचं. आपल्याकडे निम्मं गाव नमस्कार केल्याशिवाय निरोप संपवत नाही. जे लोक सर्वांत सभ्यपणे लिहीत होते, नेमके त्यांचेच निरोप हरवत होते. ही गोष्ट मला अजून बोचते. कोष्टकाचा संच बदलायची एका ओळीची आज्ञा दिली आणि तो प्रश्न मिटला.

दुसरा दोष वेळेचा. निरोपांवरचे वेळेचे शिक्के जागतिक वेळेत पडत आणि तसेच्या तसे दिसत. संध्याकाळी सहाला लिहिलेलं दुपारी साडेबाराचं दिसे. त्या वेळी तर वाचनालयाला कुलूप असतं. ताईंना वाटे, कुणीतरी दुपारी विचारून गेलं, आता उत्तर देऊन उपयोग नाही. साडेपाच तासांचा हा फरक भारतातल्या प्रत्येक संगणकवाल्याच्या ओळखीचा आहे, तरी दर वेळी तो नव्यानंच भेटतो.

तिसरा शोधायला आठवडा गेला. सकाळी चॅट चाले, दुसऱ्या दिवशी काही लोकांसाठी बंद पडे, काहींसाठी चालू राही. संकेतस्थळ हलकं राहावं म्हणून मी पानं कॅशेत, म्हणजे आधीच तयार प्रती करून, ठेवली होती. पुस्तकांची यादी रोज बदलत नाही म्हणून मुदत आठवड्याची. वर्डप्रेस प्रत्येक पानात एक सुरक्षा-खूण घालतो, तिला 'नॉन्स' म्हणतात, आणि ती फार तर चोवीस तास चालते. कॅशेतल्या शिळ्या पानाबरोबर शिळी खूण जायची, सर्व्हर ती नाकारायचा. कॅशेची मुदत दहा तासांवर आणली. ही मलमपट्टी होती हे तेव्हाही कळत होतं.

दिवाळी अंकांची यादी

या तिन्ही दुरुस्त्या झाल्यावर मी निर्धास्त होतो. नोव्हेंबरात दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी योजना असते: ठरावीक वर्गणी भरा, दोन-तीन महिने अंक बदलून बदलून वाचा. यादी संकेतस्थळावर लावली आणि कार्यवाहांनी संध्याकाळी सातच्या सुमारास सभासदांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुवा टाकला. दहा मिनिटांत संकेतस्थळ बंद. पडद्यावर फक्त '५०८' आणि मर्यादा संपल्याची सूचना.

होस्टिंगवाल्यांनी "तुमची गर्दी वाढली, मोठं पॅकेज घ्या" असं सांगितलं. पण यादीचं पान कॅशेत होतं, ते हजार लोकांनी उघडलं तरी सर्व्हरला जड जायला नको होतं. नोंदी उघडून पाहिल्या. पान वाचायला आलेल्यांच्या विनंत्या थोड्या होत्या, बाकीचा सगळा पूर चॅटचा होता.

त्या प्लगिनचं चालणं असं होतं: पान उघडलं की ब्राउझर दर तीन सेकंदांनी सर्व्हरला विचारणार, "काही आलं का?" गप्पा मारायच्या असोत की नसोत, पान उघडणारा प्रत्येक जण हे विचारत राहणार. ही विनंती वर्डप्रेसच्या 'ॲडमिन-एजॅक्स' या फाइलकडे जाते. तिला पानांची कॅशे लागू होत नाही. दर वेळी आख्खा वर्डप्रेस जागा होतो, चालू असलेले सगळे प्लगिन चढतात, डेटाबेस उघडतो आणि शेवटी उत्तर निघतं, "नाही, काही आलं नाही." आमच्या होस्टिंगवर या एका 'नाही'ला सरासरी ०.८ सेकंद लागत होते.

आता हिशेब करा. सामायिक होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक संकेतस्थळांत वाटलेला असतो तिथं, एका खात्याला एका वेळी साधारण वीस प्रक्रिया आत येऊ देतात. आमचीही मर्यादा तीच होती. ७५ जणांनी पान उघडं ठेवलं तर दर सेकंदाला २५ विनंत्या. प्रत्येकीला ०.८ सेकंद, म्हणजे कुठल्याही क्षणी वीस प्रक्रिया आत अडकलेल्या. एकही माणूस एक शब्दही लिहीत नाही आणि दार गच्च. त्या संध्याकाळी यादी वाचायला बसलेले सभासद नकळत आपल्याच वाचनालयाचं दार अडवून उभे होते. मोठं पॅकेज घेतलं असतं तर पंच्याहत्तरच्या जागी दीडशे झाले असते, इतकंच.

प्लगिन काढून टाकला. संकेतस्थळ दोन मिनिटांत पूर्ववत झालं. फोन पुन्हा वाजू लागला.

वर्डप्रेसच्या आतच जमेल का?

वर्डप्रेसमध्ये २०१३ च्या ३.६ आवृत्तीपासून 'हार्टबीट' नावाची सोय आहे. दोघांनी एकच लेख एका वेळी संपादित करू नये म्हणून ती प्रामुख्यानं आली. तिच्यावर बेतून मी स्वतःच एक छोटा प्लगिन लिहून पाहिला. तिचा नेहमीचा ठोका पंधरा ते साठ सेकंदांचा. थोडा वेळ पाच सेकंदांवर आणता येतो, मग ती आपणहून सावकाश होते आणि खिडकी मागे गेली की दोन मिनिटांवर जाते. सर्व्हर वाचवायला हे उत्तमच आहे. पण "आहे का?" विचारल्यावर तो प्रश्न ताईंच्या पडद्यावर पोचायला पंधरा सेकंद, उत्तर परत यायला आणखी पंधरा. एवढ्यात माणूस फोन उचलतो. ठोका जलद केला तर पुन्हा दिवाळीची संध्याकाळ.

तिथं मला मूळ अडचण स्पष्ट झाली. वर्डप्रेस ज्या पीएचपीत लिहिला आहे, तिची नेहमीची रीत 'विनंती आली, काम केलं, विसरून गेलो' अशी आहे. पानं देण्यासाठी ही रीत फार चांगली. गप्पांमध्ये मात्र बहुतेक वेळ काहीच घडत नसतं आणि त्या काहीच न घडण्यात दोघांना एकमेकांशी जोडून ठेवावं लागतं. पीएचपीत हे जोडून ठेवणं म्हणजे एकेका माणसामागे एकेक प्रक्रिया बसवून ठेवणं. वर्डप्रेस असो, जुमला असो की द्रुपल, गप्पांचं इंजिन अशा सामग्री व्यवस्थापन प्रणालीच्या आत नसावं, शेजारी असावं आणि प्लगिननं फक्त दोघांमधलं दार व्हावं, असं माझं ठाम मत त्या आठवड्यात झालं.

मग शेजारी कुणाला बसवायचं?

पहिला पर्याय बाहेरची तयार चॅट सेवा. एक ओळ चिकटवली की काम होतं आणि चालतंही सुरेख. दुकानासाठी मी आजही तेच सुचवीन. आमच्याकडे बाल विभाग आहे. त्याच ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला होता. त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, तिची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि तिच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. बाहेरच्या चॅट सेवांची ती एक ओळ पाहुणा कुठून आला, कुठली पानं पाहिली, किती वेळ थांबला हे सगळं टिपून ठेवते. कायद्याच्या तरतुदी प्रत्यक्ष लागू व्हायला वेळ होता, तरी सातवीतली मुलगी कुठली पुस्तकं शोधते हे परक्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ द्यायला मंडळातलं कुणीच तयार नव्हतं. कार्यवाहांनी एका वाक्यात निकाल दिला: "देवघेवीचं रजिस्टर आपण कुणाला दाखवतो का? मग हेही नाही."

दुसरा पर्याय व्हॉट्सॲपचा दुवा. देशाच्या संकेतासह नंबर घातलेला एक दुवा, प्लगिनसुद्धा लागत नाही. खरं सांगतो, बहुतेक छोट्या संस्थांनी एवढंच करावं. आमच्याकडे वाचनालयाचा वेगळा मोबाइल नव्हता. नंबर ताईंचा स्वतःचा जाणार होता. रात्री अकराला "ताई, झोपलात का? एक पुस्तक होतं..." असे निरोप त्यांना तेव्हाही येतच होते. त्या म्हणाल्या, "माझा नंबर भिंतीवर नका लिहू. मी निवृत्त झाल्यावरही लोक मलाच विचारतील." हा आक्षेप मला तेव्हा थोडा बाजूला पडलेला वाटला होता. पुढे कळलं, की अख्ख्या प्रकरणाची किल्ली तोच होता.

शेजारचा सर्व्हर

तिसरा पर्याय एक्सएमपीपी. १९९९ च्या जानेवारीत जेरेमी मिलर यांनी जॅबर नावानं जाहीर केलेली आणि २००४ साली इंटरनेटचं मानक झालेली ही निरोपांची खुली पद्धत. कधीकाळी गुगल टॉक हिच्यावर चाले आणि व्हॉट्सॲपची सुरुवातही याच पद्धतीच्या एका सर्व्हरवरून झाली. तिच्या नावातल्या दोन 'पी'पैकी एक 'प्रेझेन्स'चा, म्हणजे हजेरीचा. निरोपाइतकंच महत्त्व 'समोर कोण आहे' याला. तेव्हा मी हे वाचून पुढे गेलो होतो.

सामायिक होस्टिंगवर असा सर्व्हर चालवता येत नाही, म्हणून एक सर्वांत लहान भाड्याचा सर्व्हर घेतला आणि त्यावर प्रॉसडी हा एक्सएमपीपीचा सर्व्हर बसवला. लुआ या भाषेत लिहिलेला हा सर्व्हर अतिशय मितभाषी आहे. एकाच प्रक्रियेत शेकडो निवांत जोडण्या धरून बसतो, कुणी बोललं तरच हलतो. पाहुण्यांच्या बाजूला कन्व्हर्स हे ब्राउझरमध्ये चालणारं मुक्त चॅट आणि ताईंच्या संगणकावर गाजिम हे चॅटचं ॲप. वर्डप्रेसमध्ये मी लिहिलेला प्लगिन दीडशे ओळींचा. तो बटण दाखवतो आणि बटण दाबल्यावरच कन्व्हर्सची फाइल मागवतो. ती चांगली जड आहे, यादी वाचायला आलेल्या माणसाच्या माथी ती मारायची गरज नाही.

पाहुण्यांना खातं काढायला लावायचं नव्हतं. त्यासाठी प्रॉसडीत एक वेगळा यजमान-पत्ता अनामिक प्रवेशाचा ठेवला: दार उघडलं की तात्पुरतं नाव मिळतं, निघून गेलं की नाव पुसलं जातं. त्या पत्त्यावरून बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायला बंदी, नाहीतर अशी दारं जाहिरातबाजांना फार आवडतात.

इथं एक जागा अशी आली, की नवं सोडून जुनं घ्यावं लागलं. ब्राउझर आणि सर्व्हर जोडायच्या दोन रीती आहेत, वेबसॉकेट आणि त्याच्या आधीची बॉश. सगळे वेबसॉकेट घ्या म्हणतात, मीही घेतलं. ताईंची तक्रार लगेच आली: "एकच माणूस तीन-तीन नावांनी येतोय." सभासद यादीच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की जोडणी तुटे आणि अनामिक असल्यानं त्याला नवं नाव मिळे. प्रश्न पहिल्या नावानं विचारलेला, उत्तर त्या नावाला दिलेलं आणि तो माणूस आता दुसऱ्या नावानं बसलेला. बॉशमध्ये जोडणी साध्या वेब-विनंत्यांवर चालते. सर्व्हर विनंती हातात धरून ठेवतो आणि सत्राची खूण ब्राउझरजवळ राहते. पान बदललं तरी ती खूण दाखवून जुनंच सत्र पुढे चालवता येतं, अनामिक पाहुण्यालासुद्धा. एक मिनिट कुणी फिरकलं नाही तरच सत्र मरतं. आम्ही बॉशवर गेलो आणि तीन नावांचा पुन्हा एकच माणूस झाला.

मराठी टायपिंगचीही एक गाठ होती. साहाय्यक मुलगा विंडोजच्या ध्वन्यानुसारी कळफलकानं लिहितो. शब्द सुचतात, एंटर दाबून निवडायचे. चॅटच्या खिडकीत तोच एंटर निरोप पाठवतो. परिणामी "पुस्तक उद्या संध्याका" असे अर्धेच निरोप जायचे. मी चाचणीसाठी वापरत असलेली चॅटची खिडकी ब्राउझरमध्ये होती, तिथं अक्षरजुळणी चालू असताना येणारा एंटर ओळखून सोडून द्यायची अट घातली आणि टेबलावर एंटरऐवजी कंट्रोल-एंटरनं पाठवायची सवय लावली. ताई इनस्क्रिप्ट कळफलकानं लिहितात, तिथं शब्द निवडावे लागत नाहीत, त्यामुळे त्यांना हा त्रास कधी झालाच नाही.

हिरवा ठिपका

जानेवारीच्या शेवटी हे सगळं चालू झालं. सर्व्हर डुलक्या घेत होता, निरोप पोचत होते, इमोजी पोचत होत्या. आणि तरी पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त तक्रारी आल्या.

बटणाशेजारी मी एक ठिपका लावला होता: ताई हजर असतील तर हिरवा, नसतील तर राखाडी. प्रॉसडीला एक जोड-मॉड्यूल लावलं की ते एखाद्या खात्याची हजेरी वेबवर उघड करतं, त्यावरून तो रंग ठरे. टेबल सोडून कपाटांपाशी गेल्यावरही कळावं म्हणून ताईंच्या मोबाइलवर मी कन्व्हर्सेशन्स हे ॲप त्याच खात्यानं सुरू करून दिलं होतं. मोबाइल खिशात, ॲप सदैव जोडलेलं, म्हणून ठिपका सदैव हिरवा. रात्री दहाला हिरवा. दुपारी दोनला, वाचनालयाला कुलूप असताना, हिरवा. रविवारी ताई भाचीच्या लग्नात होत्या, तेव्हाही हिरवा.

एका संध्याकाळी साडेआठनंतर एक बाई लिहीत होत्या. मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत एका पुस्तकावर बोलायचं होतं. "आहात का?" "ताई?" "ठिपका हिरवा आहे म्हणून विचारते." पंधरा मिनिटं त्या थांबल्या. ताईंचा फोन स्वयंपाकघरात होता. त्यांनी पाहिलं तेव्हा बाई निघून गेल्या होत्या, तात्पुरतं नाव पुसलं गेलं होतं आणि उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई माझ्यावर चिडल्या आणि ते योग्यच होतं. म्हणाल्या, "फोन उचलला नाही तर लोकांना कळतं की वाचनालय बंद आहे. तुमचं हे मशीन मी नसताना माझ्या नावानं 'आहे' म्हणतं."

मी निरोप पोचवण्यावर चार महिने घालवले होते. बँकेच्या कोपऱ्यातल्या बटणात निरोप हा दुय्यम भाग असतो. ते बटण हे सांगतं की पलीकडे कुणीतरी बसलंय. पोस्टाच्या पेटीला हे सांगावं लागत नाही आणि टेलिफोनचं हे काम रिंग करते. चॅटमध्ये ते आपल्याला मुद्दाम बांधावं लागतं. आणि मी ते ताईंच्या खिशाला बांधलं होतं.

"माझा नंबर भिंतीवर नका लिहू" हे त्यांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. हजेरी ताईंची नकोच होती. हजेरी हवी होती टेबलाची.

मग दोन खाती केली. एक 'टेबल' नावाचं. ते फक्त देवघेवीच्या संगणकावर उघडतं, मोबाइलवर कधीच नाही, आणि संकेतस्थळावर फक्त त्याचीच हजेरी दिसते. ताई असोत, साहाय्यक असो की रजेच्या दिवशी बदलीवर आलेलं कुणी, जो टेबलाशी बसेल तो 'टेबल' म्हणून बोलतो. दुसरं खातं ताईंचं स्वतःचं, खाजगी, त्याचा संकेतस्थळाशी संबंध नाही. मोबाइलवरून ते ॲप ताईंनी त्याच दिवशी काढलं आणि चेहरा उजळला.

गाजिममध्ये ठरावीक वेळ माउस-कळफलक हलला नाही तर आपोआप 'दूर' व्हायची सोय आहे. ती पाच मिनिटांवर ठेवली. ठिपक्याला दोन अटी एकदम लावल्या: वाचनालयाची वेळ चालू असणं आणि टेबल हजर असणं. दोन्ही जुळल्या तरच चॅटचं बटण दिसतं. एरवी त्या जागी साधा अर्ज येतो: सभासद क्रमांक, काय हवंय, उत्तर फोननं हवं की ईमेलनं. तो अर्ज वर्डप्रेसमध्येच एक नोंद होऊन राहतो आणि सकाळी साडेआठला ताई आधी तो चाळतात. अर्जासाठी वर्डप्रेस योग्यच जागा आहे, तिथं कुणाला कुणाशी जोडून ठेवायचं नसतं. त्या रात्रीच्या बाईंसारख्या माणसाला 'उद्या सकाळी कळवतो' एवढं खरं उत्तर मिळालं असतं तरी पुरलं असतं.

वीज गेल्यावर मात्र हा बंदोबस्त थोडा उघडा पडतो. संगणक 'निघतो' न म्हणता बंद होतो आणि सर्व्हर काही काळ त्याला हजर समजत राहतो. सर्व्हरवरच्या वाट पाहण्याच्या मुदती कमी केल्या, तरी काही मिनिटं ठिपका खोटा बोलतोच. टेबलाच्या संगणकाला इन्व्हर्टरवर घेतल्यापासून असं क्वचित होतं.

एक दिवस राखाडी

एप्रिलच्या अखेरीस उलटं घडलं. ताई टेबलाशी आणि ठिपका दिवसभर राखाडी. गाजिम प्रमाणपत्राची मुदत संपल्याचं सांगत होतं, ब्राउझरमध्ये सारं ठीक. सुरक्षित जोडणीसाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र तेव्हा नव्वद दिवस चाले आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी आपोआप नवं होई. ते झालंही होतं. ब्राउझरच्या जोडण्या वेब-सर्व्हरमधून जातात, त्याला नवं मिळालं. प्रॉसडीकडे पहिल्या दिवशी हातानं दिलेली प्रत होती, ती जुनीच राहिली. पाहुण्यांचं दार उघडं होतं, टेबलाचं बंद. नूतनीकरणानंतर चालणाऱ्या आज्ञांमध्ये प्रॉसडीला नवी प्रत देऊन जागं करायची एक ओळ घातली. त्या दिवशी मला एक समाधानही मिळालं: चॅट बंद होतं, पण कुणी ताटकळलं नाही. बटणाच्या जागी अर्ज होता आणि अकरा जणांनी तो भरला होता.

निरोपांची साठवण आम्ही बंदच ठेवली आहे. पाहुण्याशी झालेलं बोलणं सर्व्हरवर राहत नाही आणि टेबलाच्या संगणकावरचा इतिहास साहाय्यक दर शनिवारी पुसतो. अर्जांच्या नोंदी उत्तर दिल्यानंतर तीस दिवसांनी आपोआप जातात. बाल विभागाच्या पानांवर चॅटचं बटण अजून दिलेलं नाही. पालकांच्या संमतीचा रकाना छापील सभासद-अर्जातच घालायचा की वेगळा कागद घ्यायचा, यावर मंडळात दोन मतं आहेत. त्या पानांवर सध्या फोन नंबर आणि वेळ एवढंच आहे. तो फोन अजूनही वाजतो, पण ताईंना आता तो उचलताना खांद्यानं धरावा लागत नाही.